शुद्ध परत आली, लाल रंगासकट

ती. स्व. दाजी यांस,
साष्टांग नमस्कार (टाके ओढतात, म्हणून तूर्त कागदावरच). ताईचा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम, फक्त हसू आलं की पोटाला उशी दाबून धरावी लागते.

हर्नियाचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं ते भित्रेपणामुळे नव्हे, वाचनामुळे (ही म्हणते, दोन्ही एकच). मेंदूतल्या सूक्ष्म नळ्यांत क्वांटमचा काही खेळ चालतो, त्यातूनच आपल्याला जाणीव होते आणि भुलीचं औषध नेमकं तिथेच घुसतं, असं कुठेसं वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. खेळ मोडला तर पुन्हा मांडणार कोण? शुद्धीवर येईल तो मीच कशावरून? चष्म्याच्या दुकानात जन्मभर मी गिऱ्हाइकांना 'आता कसं दिसतंय?' विचारत आलो. ते 'छान' म्हणतात, पण त्यांचं छान मला कधी दिसलेलं नाही. माझं तेवढं मला दिसतं, आणि तेच हरवायची भीती होती.

तुम्ही पदार्थविज्ञान शिकवलेले. दुसऱ्या कोणी मला वेड्यात काढलं असतं. तुम्ही पलंगाशी स्टूल ओढून समजावलंत, की मेंदूसारख्या उबदार, ओल्या जागी असली नाजूक अवस्था टिकणं अवघड, तरी काही जण अजून शोधताहेत. पण दोन गोष्टी आपल्याला कळत नाहीत म्हणून त्या एकमेकींच्या सोयऱ्या ठरत नाहीत. मग म्हणालात, "जाणीव म्हणजे काय, मला ठाऊक नाही. मी दाराबाहेर बसलेला असेन, एवढं ठाऊक आहे." तेवढ्यावर मी आत गेलो.

शुद्धीवर येताच दुकानातली लाल काच डोळ्यांपुढे धरायची, असं मी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडून कबूल करून घेतलं होतं (लाल तसाच दिसला तर मी तोच). त्यांनी धरली. लालाच्या कडा विरघळलेल्या. मी अर्धाच परत आलोय म्हणून असा गळा काढला, की तुम्हाला आत बोलवावं लागलं. तुम्ही न हसता माझा चष्मा माझ्या नाकावर ठेवलात (व्हरांड्यात जाऊन हसलात, हे नर्सकडून कळलं). दाजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आपला मेहुणा

ता. क. जाणिवेबद्दलच्या माझ्या सगळ्या शंका फिटल्या.

ता. क. नाही फिटल्या. येत्या गुरुवारी हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. ती शांत आहे. भूल तिला देणार, आणि मला बाहेर पूर्ण शुद्धीत बसायचंय. ते एकट्याला जमणार नाही. याल का?