चहा टाकते, मग बोलू

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुला काही विचारायचं असलं की मी अजून स्वयंपाकघरातच येऊन बसते. हे परदेशातलं, माउंट रॉस्किलचं घर तू पाहिलेलं नाहीस. खिडकीतून शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड दिसतं. आज तुझ्या एका वाक्याबद्दल विचारायचंय, आणि विचारायचीही भीती वाटतेय.

तू कृष्णधवल सिनेमांतली नायिका, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते पुढे, टीव्हीवरच्या नाटिकांमधली सोशिक सासू म्हणून. सिनेमात चुकलं तर रिटेक व्हायचा, निर्माता कुरकुरायचा, एवढंच. टीव्हीच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत मात्र अख्खा प्रवेश एका दमात रेकॉर्ड व्हायचा, मध्ये थांबायची सोय नव्हती. समोरचा नट वाक्य विसरला की तू पदर खोचून म्हणायचीस, "चहा टाकते, मग बोलू," आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून खोट्या शेगडीशी खुडबुड करायचीस. तेवढ्यात त्या बिचाऱ्याला वाक्य आठवायचं. मी शाळेतून थेट स्टुडिओत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, आणि माझी आई सगळ्यांना सांभाळून घेते म्हणून मला भारी वाटायचं. पुढे लेखक ते वाक्य मुद्दाम तुझ्यासाठी लिहायला लागले. भाजीवालीसुद्धा तुला ते म्हणून दाखवायची.

तुझ्या शेवटच्या मालिकेच्या वेळी मी इथून सुट्टीवर आले होते आणि तुझा डबा घेऊन सेटवर गेले होते. तू ते वाक्य फार वेळा म्हणत होतीस. सगळे म्हणाले, बाईंची लकब. पण समोरच्या मुलीला तिची वाक्यं चोख पाठ होती. तू पाठ फिरवून पदराचं टोक चाचपत राहिलीस, बराच वेळ वळलीच नाहीस. पुढच्या खेपेला मी विमानतळावरून सरळ घरी आलेय, बॅगा घेऊन दारात उभी आहे. तू दार उघडतेस, माझ्याकडे बघतेस आणि अगदी गोड हसून म्हणतेस, "या, बसा. चहा टाकते, मग बोलू." आई, त्या "या, बसा"ची मला जेवढी भीती वाटली, तेवढी तू गेलीस तेव्हाही वाटली नाही.

आता माझं सांगते. परवा मला झारा हा शब्द आठवेना, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. तो हातात धरून नुसती उभी. ते मी हसण्यावारी नेलं. पण मागच्या महिन्यात ईस्ट टामाकीच्या गोदामातल्या कामावरून परत येताना सिग्नलला थांबले आणि घर डावीकडे की उजवीकडे, तेच कळेना. इतक्या वर्षांचा रोजचा रस्ता. मागचे हॉर्न वाजवत होते. डॉक्टरकडे गेले नाही, कुणाशी बोललेही नाही.

रविवारी लेक आली होती. तिला सातवा महिना लागलाय. ती इथेच जन्मली, माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. कामावर परत गेली की बाळ माझ्याकडे ठेवायचं हे तिनं केव्हाच ठरवून टाकलंय. सोफ्यावर पाय वर घेत म्हणाली, "आई, यू विल लुक आफ्टर बेबी, राइट? आय ओन्ली ट्रस्ट यू."

मला तो सिग्नल दिसला, मागच्या सीटवर बाळ. मी उठले आणि म्हणाले, "चहा टाकते, मग बोलू."

तुझे जुने भाग तिनं माझ्या मांडीवर बसून पाहिलेत. तिनं सोफ्यावरचे पाय खाली घेतले. मग तिनं, जी कधी मराठीत उत्तर देत नाही तिनं, एकेक शब्द जुळवत म्हटलं, "आई, चहा नको. बोल."

मी तरीही आधण ठेवलं. आलं किसत राहिले, किसण्यासारखं उरलं नाही तरी. चहा पिताना हवेबद्दल बोलले, तिच्या गाडीबद्दल बोलले. जाताना ती दारात मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून उभी राहिली.

आज ती पुन्हा येतेय. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तिची गाडी आली की पान घडी करून चहाच्या डब्याखाली सरकवेन. विचारायचं होतं ते एवढंच, की तू कधीपासून घाबरत होतीस? आणि एक कबूल करते. रविवारी मी वाक्य विसरले नव्हते. तिला काय सांगायचं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, म्हणूनच पाठ फिरवली.