उपाशी कोंबड्यांचे ट्रे

आरमोरी, वैशाख पौर्णिमा, १९८४

आजचा दिवस वाया गेला. कालपासून कोंबडे उपाशी ठेवले होते. पोट रिकामं झालं की तोलून कोंडा घालायचा आणि पिंजऱ्याखालच्या ट्रेमधली विष्ठा वाळवून नागपूरला पाठवायची. तिथे कोंडा आणि विष्ठा दोन्ही जाळून उष्णता मोजतात. आत गेली किती, बाहेर पडली किती. मधली कोंबड्याच्या अंगी लागली. आमच्या गिरणीचा कोंडा खाद्यात घालण्याजोगा आहे की नाही, ते यावरच ठरणार.

संध्याकाळी कोंडा घालायला गेलो, तर सकाळी कोरडे असलेले ट्रे भरलेले. उपाशी कोंबड्यांचे! आणि पिंजऱ्यात चिकट, गोड वासाची शितं.

तेवढ्यात आई विहारातून आली. हातात खिरीचं पातेलं.

"मीच घातली दुपारी खीर. आज बुद्धपौर्णिमा. गावात कोणी उपाशी नाई, अन् तुहे कोंबडेच काऊन उपाशी?"

आता पुन्हा उपास, पुन्हा पहिल्यापासून. आणि नमुने नेणारी जीप परवाच येणार! चिडलो. नको तेवढं बोललो. मग तिला समजावत बसलो, आत किती, बाहेर किती. तिने सगळं ऐकून घेतलं. ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू सकाळपासून जेवला नाई. तुह्या खाली बी ट्रे लावू काय?"

पातेल्याच्या तळाशी माझ्या वाट्याची खीर राखलेली होती. उभ्या उभ्याच खाल्ली. साखर जास्त झाली होती, हे मात्र सांगितलंच.