चैत्रात येणार म्हणून सांगितले

प्रिय मंजिरीस सप्रेम नमस्कार.

मी कुशल आहे. माझ्या पोळ्या मात्र नाहीत. वाईला आईंचा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात इथल्या 'खासगी बाजार' नावाच्या पेठेतल्या आमच्या गल्लीने सगळी घरे पाहुण्यांसाठी खुली ठेवली. मीही हळदीकुंकू मांडून बसलो. बायका आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. शेजारच्या कुसुमताई हसून इथल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "शास्त्रीजी, कुंकू काय तुम्ही लावणार? वहिनी कब आ रही हैं?"

माझ्या बदलीला वर्ष झाले, तू अजून 'बघू' म्हणतेस. मी सांगून बसलो, "चैत्रात."

तेव्हापासून चैन नाही. रिक्षा थांबली की उगाच दाराशी जातो. कुसुमताईंनी चैत्रगौरीचे हळदीकुंकू तुझ्या-माझ्या घरीच ठरवले आहे, आणि माझ्या चौदा विद्यांत आंब्याची डाळ बसत नाही.

येशील ना? गल्ली विचारते आहे. मीही.

तुझा,
अंबरीश