बावीस जुलैपर्यंत

१५ एप्रिल २००७, रविवार. फुनाबोरी.

प्रचार सुरू. इथे एकच आठवडा मिळतो. सकाळी स्टेशनबाहेर मोरितासानच्या शेजारी उभी. शाळेतून निवृत्त झालेली बाई, पक्ष नाही, पाठबळ नाही. वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली ती आमच्या शनिवारच्या वर्गासाठी. वॉर्डाच्या जुन्या इमारतीतली वरची खोली काढून घेणार आहेत. खोली गेली की वर्ग गेला. कॉम्प्युटरवाल्यांची मुलं भारतातून नव्याने येतात, त्यांना जपानी शिकवायला दुसरी जागा नाही. सगळीकडे विचारून झालं.

हे म्हणाले, "मत नाही त्यांचाच उत्साह दांडगा." खरं आहे. पासपोर्ट भारतीय, इथे मत नाही.

१७ एप्रिल, मंगळवार.

दिवसभर भोंग्याची गाडी. "मोरिता, मोरिता, मोरिता." याला प्रचार म्हणतात! सांगलीला आई नगरपालिकेला उभी होती तेव्हा आम्ही एक घर सोडलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या अनुजाला सांगितलं, चार बायका गोळा कर, रव्याचे लाडू कर, उद्या घरोघर जायचं.

"काकू, मला बोलता कुठे येतं?"

"एक वाक्य पाठ कर. मोरितासानना मत द्या. पुरे."

ती नाही म्हणणारच नव्हती. नवरा कावासाकीला कामाला जातो तो मुलगी झोपल्यावर येतो. मुलगी, सई, तिसरीत. शाळेत वर्षभर तोंड उघडलेलं नाही. शनिवारी माझ्या वर्गात मात्र गप्प बसवावी लागते.

१८ एप्रिल, बुधवार.

तीन इमारती केल्या. लोकांनी दार उघडलं, वाकले, लाडू घेतले, दार लावलं. अनुजा खूश. "काकू, किती चांगली माणसं!" उद्या पलीकडच्या इमारती.

१९ एप्रिल, गुरुवार.

पोलिसांनी मोरितासानना बोलावलं. या देशात मत मागायला दार वाजवणं हा गुन्हा आहे. वर खायला देणं म्हणजे लाच. कोणीतरी लाडू तसेच चौकीवर नेऊन दिले. भोंग्यावरून कान फुटेपर्यंत ओरडा, ते चालतं.

बावीस वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. राज्यशास्त्रात पदवी. मला सांगायचं मोरितासानना सुचलं नाही, कारण कोणी असं करेल हेच त्यांच्या मनात आलं नसणार.

ताकीद देऊन सोडलं. मोरितासाननी गाडी बंद ठेवली. त्या घरांची माफी मागायला जावं तर पुन्हा दार वाजवणं आलं. म्हणून दुपारभर स्टेशनबाहेर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर वाकत होत्या. मी शेजारी गेले तर हळूच म्हणाल्या, "आज नको."

अनुजा रडत आली. "काकू, आमचा व्हिसा जाईल का हो?"

"काही जात नाही. नाक पूस."

मला तरी कुठे खात्री होती.

२३ एप्रिल, सोमवार.

निकाल. मोरितासानची जागा सतरा मतांनी गेली.

अख्ख्या वॉर्डाची एकच यादी, वरून मतांप्रमाणे जागा भरत येतात; शेवटच्या जागेवर इवासेसान आले. तांदळाचे दुकानदार, वयाने सत्तरीपलीकडे, कितीदा निवडून आलेत कोण जाणे. त्यांना त्या खोलीत म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र हवं आहे. म्हणजे वाईट माणूसही नाही. त्यांच्या खालोखाल, पराभूतांत पहिल्या, मोरितासान.

तीन इमारतींत सतरा माणसं राहत नसतील?

प्रचार कचेरीत त्या हसून सगळ्यांचे आभार मानत होत्या. मला म्हणाल्या, "देवधरसान, दमला असाल. घरी जा." चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ मे, मंगळवार.

मोरितासानचा फोन नाही. मीही केला नाही.

खोलीचा ठराव जुलैअखेरच्या सभेत. कोण कुठल्या बाजूला, ते विचारून काढलं. एका मताने खोली जाते आहे. एकच.

९ जून, शनिवार.

वर्गाला बारा मुलं. सईने कागदाचं सशाचं तोंड केलं आणि जपानीतून त्याचं नाव सांगितलं, पुढे त्याची सगळी वंशावळ. उरलेला दिवस वाईट.

इवासेसान इस्पितळात आहेत. फुफ्फुसाचं काहीतरी. हे पेपर बाजूला न करता म्हणाले, "निवडणुकीपासून तीन महिन्यांत जागा रिकामी झाली, तर ती पहिल्या पराभूताला जाते. म्हणजे बावीस जुलैपर्यंत."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"मी आपला नियम सांगितला."

कॅलेंडरकडे पाहिलं. लाज वाटली. मग पुन्हा पाहिलं.

३० जून, शनिवार.

अनुजा म्हणाली, वर्ग बंद झाला तर सईला पुण्याला आजीकडे ठेवणार. नवऱ्याचं काम इथेच, म्हणून ही इथे. "शाळेत मुकी बसवून किती दिवस काढू, काकू?" सई शेजारीच होती. आईला जपानीतून म्हणाली, नको. आईला तेवढं कळलं.

५ जुलै, गुरुवार.

अखेर मोरितासानचा फोन. "इवासेसानना भेटायला जाते आहे. येता?" अडीच महिन्यांनी ऐकलेला आवाज, आणि पहिलं वाक्य हे.

गेलो. केवढेसे झालेत. नाकात नळी. सुनेने खुर्च्या दिल्या आणि बाहेर गेली. इवासेसान मोरितासानना म्हणाले, "बावीस तारीख पाहायला आलात?" आणि हसले. हसताना खोकला. मग म्हणाले, "लाजू नका. आमच्या गटाचे लोक रोज येतात. म्हणतात, साहेब, बाविसाव्या तारखेपर्यंत दम धरा. त्यानंतरचं कोणी काही बोलत नाही."

मोरितासाननी त्यांचं पांघरूण सारखं केलं. खोलीबद्दल, राजीनाम्याबद्दल अवाक्षर नाही.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "विचारायला हवं होतं. त्यांनी दिलाही असता."

"आजारी माणसाला?"

"मुलांचं काय मग?"

त्या आकड्यांच्या दिव्यांकडे पाहत राहिल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "देवधरसान, तुम्ही फार लवकर दार वाजवता." एवढंच. आज बोलल्या. बोलल्या ते बरं झालं, असं वाटत नाही.

१२ जुलै, गुरुवार.

इवासेसानना कालपासून अतिदक्षता विभागात ठेवलंय. मोरितासान फोनवर एवढंच म्हणाल्या, "शुद्ध नाही."

संध्याकाळी अनुजा आली. चेहरा उतरलेला. "काकू, देवापुढे उभी राहिले की काय मागायचं तेच कळत नाही. सईसाठी मागावं तर…"

"काही मागू नकोस. घरी जा, पोळ्या कर."

ओरडलेच तिच्यावर. गेली बिचारी.

मग दिवा लावला. हात जोडले. तशीच उभी राहिले, यांनी बाहेरून हाक मारेपर्यंत. काही मागितलं नाही, असं इथे लिहिणार होते.