मागच्या खोलीतली रेंज

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. जावईबापूंची पाठ आता कशी आहे? छोटीचा दात पडला, की अजून जिभेने हलवत बसते?

पाकीट बघून दचकली असशील. एक दिवसाआड फोनवर भेटणारी आई एकदम पोस्टातून कशी आली, म्हणशील. सांगते. आधी चांगली बातमी ऐक. ज्याच्यासाठी तू माझं डोकं खाल्लंस, ते काम झालं. आपल्या घरातलं नेट सुधारलं.

तू तक्रार नोंदवल्यावर कंपनीतून एक बाई आल्या. हातात फोन धरून सगळ्या घरभर फिरल्या. नेटचा मूळ डबा आपण टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवला होता. त्या म्हणाल्या, एवढ्या लोखंडातून आणि जाड भिंतीतून बिचारी रेंज पोचणार कशी? डबा काढून मधल्या बोळातल्या उंच फळीवर ठेवला आणि मागच्या खोलीच्या दाराशी आणखी एक छोटा डबा लावला. आता मोरीतसुद्धा रेंज येते. तिथे कोणाला हवी होती, देव जाणे.

बाबा त्यांच्या मागे मागे फिरत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “एखादी खोली तशीच नाही ठेवता येणार?” बाई हसल्या, त्यांना ती थट्टा वाटली. मला हसू आलं नाही.

गच्चीतला कढीलिंब यंदा चांगला फुटलाय. शेजारच्या शिक्षिकाबाई निवृत्त झाल्या आणि आता मला योगासनं शिकवतात. मी शिकत नाही, त्या शिकवतात. असो. इकडचं तिकडचं लिहून मी वेळ काढतेय, हे तुला कळलंच असेल.

रविवारच्या फोनवर चित्र इतकं स्वच्छ होतं की माझ्या साडीची इस्त्री मोडलेली तू ओळखलीस. छोटीने विचारलं, “आजोबा, हातात काय आहे?” त्यांच्या हातात झारी होती. कुंड्यांना पाणी घालता घालताच ते आत आले होते. त्यांनी झारीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत झारीकडे. “आवाज तुटतोय गं,” म्हणाले आणि फोन बंद केला.

आणि मग तुझा निरोप आला. “आता नेट चांगलं असूनही बाबा बोलणं तोडतात, म्हणजे ते माझ्यावर रागावलेत का? त्यांचं औषधांचं दुकान मी चालवायला घेतलं नाही, ते अजून मनात धरून आहेत का?” तो वाचल्यापासून मला चैन नाही.

ठकू, आवाज तुटत नव्हता. त्यांना ‘झारी’ हा शब्द सापडत नव्हता.

कधीपासून, ते नक्की नाही सांगता येणार. आधी चमच्याला ‘ते ढवळायचं’ म्हणायचे आणि आम्ही दोघं हसायचो. ज्या माणसाने तोंडात न मावणारी औषधांची नावं जन्मभर घडाघडा म्हटली, तो चमच्याशी अडला याची गंमत वाटायची. मग तुझा फोन आला की ते मागच्या खोलीत जाऊ लागले. जिथे तेव्हा रेंज अजिबात नव्हती, नेमकी तीच खोली. शब्द अडला की म्हणायचे, नेट गेलं. तुलाही पटायचं, आणि मीही ते चालू दिलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासण्या झाल्या. शब्द हळूहळू हरवण्याचा आजार आहे. थांबणार नाही, पण फार घाईतही नाही, असं ते म्हणाले. बाबा माणसं ओळखतात, वाटा ओळखतात, चहा माझ्यापेक्षा बरा करतात आणि पत्त्यांत लबाडी करून मला हरवतात. बोलणं सुधारायला ज्या बाईंकडे जातो, त्यांनी मलाच शिस्त लावली आहे: बाबांना शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. लग्न झाल्यापासून त्यांची वाक्यं मी पुरी करत आलेली. मला किती जड जात असेल बघ.

तुझा निरोप मी त्यांना वाचून दाखवला. “तिला वाटतंय, तुम्ही रागावलात,” म्हटलं. ते बराच वेळ बसून राहिले. मी थांबले.

“राग नाही,” म्हणाले. “लाज वाटते.” मग पुन्हा थोडं थांबून म्हणाले, “तू सांग तिला. फोनवर नको. फोनवर ती लगेच... मला मागेल.”

म्हणून हे पत्र. दुकानाचं म्हणशील, तर ते विकलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भर दुपारी ताणून दिली होती. इतकी गाढ झोप मी त्यांना कधी लागलेली पाहिली नव्हती. तुझ्यावर त्यांचा राग कधीच नव्हता.

लगेच धावत येऊ नकोस. सुट्टी मिळेल तेव्हा ये, चांगली राहायला ये. छोटीला काय सांगायचं ते तू ठरव. लपवू नकोस एवढंच म्हणेन, लपवण्याने काय होतं ते आम्ही बघितलं.

पत्र त्यांनी वाचलं. काही खोडलं नाही. पेन मागितलं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत. मी मदत केलेली नाही, नुसती शेजारी बसले आहे.

तुझी,
आई

ठकू, फोन कर.
मी बोलेन. हळू.
बाबा