पाटाचं पाणी कुठून आलं

अण्णा, काल पुन्हा त्या डोंगरातल्या गावी जाऊन आले. बर्फ पडला की निम्मं कॅनबेरा तिथेच असतं. तुम्ही आला होतात त्या वर्षी ऑफिसच्या मित्रमंडळींबरोबर मी तुम्हालाही नेलं होतं, आणि बाकीचे सगळे बर्फाकडे धावले तेव्हा तुम्ही लॉजमागच्या एका चरापाशी उकिडवे बसलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, उठा ना, लोक बघतायत." तुम्ही बाटलीतलं पाणी चरात ओतून ते कुठे वळतं ते बघत होतात. "अगं, हा ओघळ नाही, पाट आहे. माणसांनी खणलाय. उतार किती बेताचा ठेवलाय बघ."

लॉजचा म्हातारा मालक बाहेर आला. हे गाव मुळात सोनं शोधणाऱ्यांच्या तंबूंचं, त्याने सांगितलं. चिनी मजुरांनी पाणी आणलं, त्यात खडी धुऊन सोनं काढायचे. पण पाणी आणलं कुठून, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही पॅन्ट दुमडून पाटाच्या कडेकडेने चढायला लागलात, आम्ही दोघं मागे. तासाभराने ओढ्याचं पाणी पाटात वळवायला काठाशी रचलेले दगड सापडले. म्हातारा तुमचा हात सोडेना. "मेट, हे तिकडे काय काम करायचे?" त्याने मला विचारलं. मी म्हणाले, "इंजिनिअर होते. इरिगेशनमध्ये."

तेवढं इंग्रजी तुम्हाला नक्की कळत होतं. जन्मभर फावडं खांद्यावर टाकून कालवा राखणारे पाटकरी तुम्ही. माझ्याकडे एकदा बघितलंत आणि पुन्हा त्या दगडांकडे वळलात. परतताना गाडीत मी बोलणी खायची तयारी ठेवून बसलेय, आणि तुम्ही म्हणताय, "खणणाऱ्यांची नावं नाहीत ना गं कुठे?" एवढंच. चारचौघांत मला उघडं पाडलं नाहीत, घरी आल्यावरही नाही. अण्णा, त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. त्या फावड्यावर माझं शिक्षण झालं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

म्हातारा गेला. आता त्याचा मुलगा लॉज बघतो आणि त्याने पाटाशी एक बोर्ड लावलाय. चिनी मजुरांबद्दल दोन ओळी, आणि खाली, पाण्याचा उगम भारतातल्या एका इंजिनिअरने शोधला म्हणून. तो बदलून घ्यायचा असं ठरवूनच काल गेले होते. तुमची नात बोर्डाला टेकून उभी राहिली, फोटो काढ म्हणाली. "दॅट्स माय आजोबा!" मालकाचा मुलगा दारातच उभा होता. मी फोटो काढला, त्याला लांबूनच हात केला आणि गाडीत जाऊन बसले.