शंभर दाणे आणि एक

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू गेल्यावर कुणाकडून वाचून घेशील अशीही सोय नाही. तरी लिहिते आहे. उद्या सकाळी तुझ्या नातीच्या डोक्यातल्या गाठीच्या ऑपरेशनला मला सही द्यायची आहे, आणि काय करावं ते मला कळत नाही.

मी वाशीमला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर दोन शब्द लिहिते, जोखीम आणि अनिश्चितता. जिथे शक्यता मोजता येते ती जोखीम, जिथे मोजायलाच काही नसतं ती अनिश्चितता. मग मुलांना आसेगावचं आपलं स्वयंपाकघर सांगते. पेरणीआधी तू पोत्यातले सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीमागे ठेवायचीस आणि किती उगवले ते मोजून पेरायचं की नाही ते ठरवायचीस. एकदा दाणे काढायचं काम तू मला दिलंस. मी हौसेने टपोरे टपोरे वेचले. तू माझा हात धरलास. "निवडून काहून घेतले वं? पोत्यातलं किडकं बी कोन पेरनार हाये मंग? डोये मीट अन् मूठ भर." आणि सगळे परत पोत्यात टाकलेस. रागाने मी त्या दिवशी जेवले नाही. पुढे जाडजूड पुस्तकांत मला याहून निराळं फारसं काही सापडलं नाही.

इथे नागपूरचे डॉक्टर म्हणतात, "मॅडम, आकडा विचारू नका. अशी गाठ आम्ही फार पाहिलेली नाही. केलं तरी सांगता येत नाही, नाही केलं तरी सांगता येत नाही." मी त्यांच्यावर ओरडले, माय. मग एक आकडा तरी द्या म्हणून हात जोडले. वर्गात हेच शिकवणारी मी! शंभरातले तीस दाणे वाया गेले तर तू थोडं दाट पेरायचीस. माझ्याकडे एकच आहे. ती आत्ता शेजारी बसून नखं रंगवते आहे आणि विचारते, "आई, माहे सगळे केस कापतीन काय?"

आठवडाभर मी वॉर्डात बऱ्या झालेल्या लेकरांच्या आयांना गाठून बोलते आहे. मी पुन्हा काय वेचते आहे ते तुला कळलंच असेल. काल खिडकीजवळच्या खाटेपाशी एक बाई मुलाचे कपडे पिशवीत भरत होती. खाट रिकामी होती, मुलगा कुठेच दिसत नव्हता. त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं. मला पाहून ती काहीतरी सांगायला पुढे आली. मी फोन कानाला लावला आणि बोलत बोलत बाहेर गेले.

फोन कुणाचाच नव्हता, माय.